सोंगाची बिदागी

आपल्या भाषेत सोंग घेतात, सोंग आणतात, सोंग वठवतात आणि अखेरीस ते उतरवतात. एकाच नामाला इतकी क्रियापदे जोडलेली असावीत, यावरूनच या गोष्टीशी आपल्या समाजाचा परिचय किती जुना आहे, हे ध्यानात येते. मात्र या शब्दाच्या वाट्याला मान थोडा आणि निंदा फार आली. झोपेचे सोंग, आजाराचे सोंग, साधुत्वाचे सोंग, असे आपण सहज बोलून जातो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण तर संसारी माणसाच्या जिभेवरच असते. वस्तुतः सोंग वठणे ही काही हलकी गोष्ट नव्हे. एकनाथमहाराजांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी अशी किती तरी सोंगे घेतली आणि त्यांच्या मुखातून परमार्थ सांगितला. चिंतामणराव कोल्हटकरांसारख्या थोर नटाने आपल्या आत्मचरित्राला ‘बहुरूपी’ हेच नाव दिले. कोकण-गोव्याकडचे दशावतारी आपला पेटारा घेऊन गावोगाव हिंडतात आणि स्वतःच्या हाताने रंग लावून रात्रीपुरते देव-दानव होतात.

हा विषय मनात घोळू लागला तो हैदराबादेतील कॉमिक कॉनमुळे. माधापूर भागातील हायटेक्स प्रदर्शन केंद्रात भरणारा हा चित्रकथांचा मेळा. तेथे चित्रकथांची दुकाने असतात, चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले असतात, खेळ असतात, रंगमंच असतो. परंतु खरे आकर्षण असते ते आवडत्या चित्रकथेतील किंवा चित्रपटातील पात्राचा हुबेहूब वेष करून आलेल्या तरुण मंडळींचे. या प्रकाराला ‘कॉस्प्ले’ असे नाव आहे. ‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’ या दोन शब्दांचा हा सांधा आहे. प्रस्तुत लेखकाला छायाचित्रणाचा जुना नाद असल्याने एका माजी विद्यार्थ्याने आग्रहाने बोलावले, “सर, यंदा तुम्ही यायचंच. आणि कॅमेरा घेऊन या.” त्याप्रमाणे मी गेलो आणि शनिवार-रविवारचे दोन्ही दिवस तेथेच रमलो.

प्रथम या नव्या सोंगाचा थोडा पूर्ववृत्तान्त सांगावयास हवा. १९३९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट ॲकरमन नावाचा तरुण आणि मर्टल डग्लस ही तरुणी भविष्यकाळातील माणसांचे पोशाख घालून अवतरले. दोन्ही पोशाख मर्टलबाईंनीच बेतले आणि शिवले होते. पण पुढे कित्येक वर्षे या उपक्रमाचा जनक म्हणून बोलबाला झाला तो एकट्या ॲकरमनचा. शिवणाऱ्या हातांचे नाव मागे राहावे, हा अनुभव आपल्याकडील घराघरांतील स्त्रियांना नवा नाही. पुढे जपानमध्ये १९७५ च्या डिसेंबरात टोकियो येथे ‘कॉमिकेट’ हा हौशी चित्रकथांचा बाजार सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत तेथे वेष करून येणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. ‘कॉस्प्ले’ हा शब्द १९८० च्या दशकाच्या आरंभी नोबुयुकी ताकाहाशी या जपानी लेखकाने रूढ केला. म्हणजे प्रथा अमेरिकेची, शब्दाचे मूळ इंग्रजी, पण बारसे झाले ते जपानात.

आपल्या देशात कॉमिक कॉनचा पहिला मेळा २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाट येथे भरला; हैदराबादेत त्याचे आगमन २०१३ साली झाले. हे फॅड अगदी परके आहे, असे मात्र माझ्या पिढीने म्हणू नये. १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधल्या वेताळाने आम्हा मुलांवर राज्य केले आहे. मराठीतून निघणारे ते अंक हातोहात फिरत आणि शेवटी त्यांची पाने सुटून जात. गळ्यात टॉवेल बांधून, बोटात तारेची अंगठी घालून आणि समोरच्याच्या हनुवटीवर कवटीची खूण उमटवण्याचा आविर्भाव करून आम्हीही वेताळ झालो होतोच. १९९० साली ते अंक बंद पडले. तोवर १९८६ मध्ये ‘नागराज’ हा हिंदी चित्रकथांचा नायक जन्माला आला होता, आणि त्याला आरंभीच्या काळात घाटदार रूप देणारे चित्रकार होते आपले प्रताप मुळीक. तेव्हा या मेळ्यात हिरव्या अंगाचा नागराज दिसला की त्याच्याशी आपले दूरचे नाते आहे, असे समजण्यास हरकत नाही.

परंतु आपल्या बहुरूप्यात आणि या मुलांत एक मोठा फरक आहे आणि तो ध्यानात आल्यावाचून या मेळ्याचे मर्म कळत नाही. आमच्या लहानपणी दारात खाकी वेषातला फौजदार येऊन उभा राही, “तुमच्या नावाचं वॉरंट आहे,” म्हणून दरडावी, घरातील बायकामाणसे क्षणभर बावरत आणि मग हास्याचा कल्लोळ होऊन त्याच्या झोळीत पायली-अदपायली धान्य पडे. तेलंगणात आणि आंध्रात याच मंडळींना ‘पगटि वेषालु’ म्हणतात. रात्रीच्या नाटकात नव्हे, तर भर दिवसा घेतलेली सोंगे, असा त्याचा अर्थ. बहुरूपी असो वा पगटि वेषवाला असो, सोंग हे त्याचे पोट होते. समोरच्याला क्षणभर फसवणे ही त्याची कसोटी आणि बिदागी हे त्याचे फळ.

या मेळ्यातील मुले कोणालाही फसवू पाहत नाहीत. बॅटमनचा मुखवटा घालून आलेला मुलगा बॅटमन नाही, हे दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. शिवाय हे सोंगाडे पदरचे पैसे खर्चून वेष करतात, तिकीट काढून आत येतात आणि दिवसभर घामाघूम होऊन उभे राहतात. व्यासपीठावरील स्पर्धेत बक्षिसे असतात खरी, पण ती मोजक्यांना. मग बाकीच्यांना मिळते काय? पहिल्या तासाभरातच मला त्याचे उत्तर मिळाले. कोणी तरी येऊन म्हणावे, “तुमचा एक फोटो काढू का?” एवढीच त्यांची अपेक्षा असते. तो प्रश्न ऐकताच थकलेला खांदा ताठ होतो, तलवार वर उचलली जाते आणि इतका वेळ पेंगणारा योद्धा एकाएकी जागा होतो. फोटो ही या सोंगाची बिदागी आहे. आणि बिदागी असल्यामुळेच ती देणाऱ्यावर काही बंधने येतात, असे मला वाटते.

मला बोलावणारा विद्यार्थी मला प्रथम ओळखताच आला नाही. तांबड्या-सोनेरी चिलखतातला, शिरस्त्राणाखाली चेहरा पूर्ण झाकलेला एक धिप्पाड पुरुष समोर येऊन उभा राहिला आणि आतून आवाज आला, “सर, ओळखलंत का?” पाच वर्षे शाळेच्या परिपाठात सुविचार वाचून दाखवणारा तो आवाज मी कसा विसरेन! आता तो एका औषधाच्या दुकानात काम करतो. दुकान बंद झाल्यावर रात्री बसून तीन महिन्यांत त्याने हे चिलखत केले होते. ‘आयर्न मॅन’ या १९६३ साली जन्मलेल्या अमेरिकी नायकाचे ते चिलखत. नाव लोखंडाचे, पण त्यात लोखंड तोळाभरही नव्हते.

हा सारा डोलारा फोमचा होता. लहान मुलांच्या खोलीत अंथरण्यासाठी दाते एकमेकांत अडकवण्याच्या ज्या जाड चटया मिळतात, त्या ज्या ईव्हीए फोमच्या असतात, तोच हा माल. प्रथम कागदावर एकेका तुकड्याचा बेत काढायचा, तो फोमवर उमटवून धारदार पात्याने कापायचा, गरम हवेच्या यंत्राने शेकून त्याला छातीचा, खांद्याचा बाक द्यायचा. उष्णतेने फोमची छिद्रेही मिटतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग रबरी डिंकाने तुकडे जोडायचे, वर पातळ डिंकाचे दोन-तीन हात देऊन रंग फवारायचा आणि शेवटी कडांवर काळसर रंग पुसून लढाईच्या खुणा उमटवायच्या. साडेसहा हजार रुपये खर्च आला, असे त्याने सांगितले. शिरस्त्राणाच्या आत श्वासाची वाफ साचते, स्वतःची पावले दिसत नाहीत. म्हणून एक मित्र दिवसभर त्याच्या कोपराला धरून चालत होता. “पायरी आली रे,” असे तो मित्र म्हणे आणि लोहपुरुष जपून पाऊल टाकी.

अशा सोंगांची छायाचित्रे काढणे दिसते तितके सोपे नाही. ज्यांना या कलेची आवड आहे अशा वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. प्रदर्शनाचे दालन म्हणजे प्रकाशाची खिचडी असते. वर एका रंगाचे दिवे, दुकानांत दुसऱ्या, रंगमंचावर तिसऱ्या. छत इतके उंच की फ्लॅशचा झोत वर मारून तो परत खाली येईल, ही आशाच नको. फ्लॅश सरळ समोरून मारावा, तर चकाकणारा रंग पांढरा पडतो आणि तीन महिन्यांची मेहनत पुसली जाते. त्यात एलईडी दिव्यांचा आणखी एक खोडा आहे. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५०. त्यामुळे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटरचा वेग फार वाढवला की छायाचित्रात काळे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवले की हा त्रास बहुतांशी टळतो. मोठ्या छिद्राची साधी ५० मिलिमीटरची भिंग असली, तर मागची दुकानांची गर्दी धूसर होऊन पात्र उठून दिसते.

परंतु खरा तोडगा याहून सोपा आहे. दालनाच्या मोठ्या दरवाजाशी जावे. बाहेरचे ऊन तेथे थेट पडत नाही, पण आकाशाचा मऊ उजेड आत येतो. पात्राला दाराकडे तोंड करून उभे करावे आणि त्याच्या कमरेच्या उंचीवर एखाद्याला थर्मोकोलचा पांढरा पत्रा धरावयास सांगावे, म्हणजे मुखवट्याच्या खाचांतील डोळे उजळतात. नायकाचे चित्र गुडघ्यावर बसून खालून काढावे, कारण मूळ चित्रकारानेही त्याला तसेच काढलेले असते. लहान मुलाचे मात्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरूनच काढावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, “कसे उभे राहू?” असे कोणी विचारले, तर “तुमचे पात्र कसे उभे राहते?” असे उलट विचारावे. आपल्या पात्राविषयी त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

तंत्राचे इतके पुरे. मुख्य प्रश्न निराळा आहे. वेष करून चारचौघांत उभे राहिलेल्या माणसाचे चित्र काढण्यास परवानगी कशाला हवी, असे अनेकांना वाटते. गर्दीत असे महाभाग मी पाहिले, जे मागून येऊन, वाकून, हात लांब करून मोबाइलवर चित्रे टिपून निघून जात होते. मुलींच्या बाबतीत हा आगाऊपणा अधिक. हा काही एकट्या आपल्या देशाचा दोष नाही. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली ठिकठिकाणी मोठे फलक लावावे लागले. वेष केला म्हणजे संमती दिली असे नव्हे, असा त्यांचा आशय होता. जपानच्या कॉमिकेटमध्ये तर घरून वेष करून येण्यासही मनाई आहे. वेष तेथील खोल्यांतच चढवायचा आणि तेथेच उतरवायचा, ठरलेल्या जागीच छायाचित्रे काढायची आणि छायाचित्रकारांनी रांग धरायची. रांगेत उभे राहून, नंबर आल्यावर वाकून नमस्कार करून फोटो काढणे, ही कल्पना आपल्याला गमतीची वाटेल. पण बिदागी देण्याची ती रीत आहे.

हैदराबादकरांना तर यासाठी जपानपर्यंत जावयास नको. आपल्या शहराचे नाव छायाचित्रणाच्या इतिहासात अजरामर करणारे राजा दीनदयाळ याच मातीत वावरले. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली त्यांचा जन्म झाला. रुडकीला शिक्षण घेऊन ते १८६६ मध्ये इंदूरला नोकरीस लागले आणि होळकरांच्या त्या राजधानीतच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे सहाव्या निजामाच्या आश्रयाने ते हैदराबादेत आले आणि सिकंदराबादेस त्यांचा स्टुडिओ निघाला. त्यांनी काढलेले महाल आणि दरबार सर्वांनी पाहिले आहेत. पण मला त्यांचे मोठेपण दुसऱ्याच एका गोष्टीत दिसते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र झनाना स्टुडिओ काढला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपवली. पडद्यातील स्त्रियांना परपुरुषासमोर न येता आपले छायाचित्र काढून घेता यावे, हा त्यामागचा हेतू. जो कॅमेऱ्यासमोर बसणार, त्याचा जीव आधी निर्धास्त झाला पाहिजे, ही गोष्ट त्या काळच्या जाणत्या कारागिराला कळली होती.

याउलट कॅमेऱ्याचे भयही आपल्याकडे होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी त्याच शहरात छायाचित्रणाचा धंदा केला. पण फोटो काढल्याने अंगातील शक्ती शोषली जाते, या समजुतीमुळे गिऱ्हाईक फिरकेना, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्या समजुतीला आपण हसतो. तरीही, न विचारता टिपलेले चित्र हजारोंच्या मोबाइलवर फिरताना पाहून एखादी मुलगी महिनाभर घराबाहेर पडत नाही, तेव्हा कॅमेऱ्याने तिचे काहीच नेले नाही, असे आपण म्हणू शकू काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी मला एक मायलेकींची जोडी भेटली. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, महाविद्यालयात शिकणारी. तिने ‘नेझुको’चा वेष केला होता. कोयोहारू गोतोगे यांची ‘डेमन स्लेयर’ ही जपानी चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील नायकाची ही बहीण. राक्षसाच्या रक्ताने ती स्वतः राक्षसी होते, पण माणसांना इजा करीत नाही, आणि तिने कोणाला चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबूची नळी बांधलेली असते. अंगात गुलाबी किमोनो. तो किमोनो आईने शिवला होता. कापड सिकंदराबादच्या जनरल बाजारातून आणलेले, त्यावरची नक्षी मुलीने पुठ्ठ्याचा छाप कापून रंगवलेली. बांबू म्हणजे नळकामातील प्लास्टिकच्या पाइपचा हिरवा रंगवलेला तुकडा. आईच्या हातात डब्याची पिशवी होती आणि माझे मराठी ऐकताच तिने विचारले, “तुम्ही आपल्यातलेच का?”

मी रीतसर विचारून दाराच्या उजेडात मुलीची पाच-सहा छायाचित्रे काढली. ती पाहून दोघीही खूश झाल्या. तासाभराने त्या मला पुन्हा दिसल्या, भिंतीशी जमिनीवर बसलेल्या. मुलीने टोप काढून मांडीवर ठेवला होता. बांबू गळ्यात लोंबत होता. स्वतःचे केस घामाने कपाळाला चिकटलेले, एका गालावरचा रंग पुसलेला, आणि ती डब्यातली पोळीभाजी खात आईच्या कोणत्या तरी बोलण्यावर हसत होती. वरून उजेड असा काही येत होता की काय सांगावे. मी जवळ जाऊन विचारले. ती म्हणाली, “काढा ना, सर.” मी एकच छायाचित्र काढले. दोन दिवसांतले ते सर्वोत्तम होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मी ते तिला दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, हा पुसाल का?”

आई चटकन म्हणाली, “अगं, का? किती छान आलाय! राहू द्या हो, सर. मला पाठवा. लातूरला माझ्या भावाला पाठवीन.”

“नको, आई. ह्यात मी आहे. ती नाहीये.”

“मग तेच तर म्हणतेय मी! मला तुझाच फोटो हवाय. त्या जपानी पोरीला घेऊन मी काय करू? दोन महिने तिचे कपडे शिवले, आता माझी पोर तरी दिसू दे की.”

दोघींचेही खरे होते. आईला आपली लेक हवी होती आणि लेकीला, ज्या रूपात तिने स्वतःला लोकांपुढे ठेवले होते, तेवढेच लोकांकडे जावे असे वाटत होते. आईचे वय, तिचा मान, तिने घेतलेले कष्ट, सारे माझ्या डोळ्यांपुढे होते. घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये, हेच आपण आयुष्यभर मुलांना शिकवीत आलो. परंतु चित्र मुलीचे होते, मुलगी सज्ञान होती आणि बिदागी नाकारण्याचा अधिकार ज्याचे सोंग त्याचा असतो. तिच्या देखत मी ते पुसून टाकले. आई काही बोलली नाही. डब्याचे झाकण लावीत राहिली. थोड्या वेळाने मुलीनेच टोप पुन्हा चढवला, बांबू तोंडाशी नेला आणि आईला हाताला धरून उभे केले. “आमचा दोघींचा काढा,” ती म्हणाली. ते छायाचित्र मी त्यांना पाठवले आहे. त्यात आई कॅमेऱ्याकडे पाहत नाही. ती किमोनोच्या बाहीची शिवण नीट करते आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्या पुसलेल्या चित्राचा मालक मीच होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन कोणी मुद्दाम काढून घेतलेले छायाचित्र वगळता, छायाचित्राचा पहिला मालक ते काढणाराच असतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे ज्याचा चेहरा, त्याची मालकी नव्हे. कायद्याला कोठे तरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. पण आपली भाषा या बाबतीत कायद्याहून अधिक समंजस आहे, असे मला वाटते. आपण ‘फोटो काढला’ म्हणतो, तसे ‘फोटो काढून घेतला’ असेही म्हणतो. पूर्वी लग्नानंतर जोडपी स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेत. कॅमेरा दुसऱ्याच्या हाती असला तरी त्या वाक्याचा कर्ता ते जोडपेच असे. आणि छायाचित्रकार काय करी? तो फोटो ‘काढून देई’. या देण्याघेण्याच्या व्यवहारात चोरीला जागा नव्हती. हातोहाती मोबाइल आले आणि आता सारेच नुसते फोटो ‘काढतात’; घेणाराही उरला नाही आणि देणाराही.

हे सारे त्या दूरच्या तरुणांच्या मेळ्यापुरते आहे, असे समजून वाचकांनी निश्चिंत होऊ नये. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात वेषभूषेची स्पर्धा नसते असे एकही वर्ष जात नाही. चिमुरडे शिवाजीमहाराज, जिजाबाई, झाशीची राणी, वासुदेव, भाजीवाली रांगेत उभी राहतात. ती तरी काय, कॉस्प्लेच! त्यांतले एखादे पोर व्यासपीठावर रडते, एखाद्याचे धोतर सुटते, आणि त्या क्षणाचे चित्र संध्याकाळच्या आत दोनशे नातेवाइकांच्या मोबाइलवर पोहोचते. आपण कौतुकानेच पाठवतो, यात संशय नाही. पण दहा वर्षांनी तेच चित्र वर्गमित्रांच्या हाती लागले म्हणजे त्या मुलाला काय वाटेल, हा विचार पाठवण्यापूर्वी करावयास हवा. मूल लहान असेल तर आईवडिलांना विचारावे, हे तर झालेच. पण जरा कळू लागलेल्या मुलालाही विचारावे. “हा फोटो मावशीला पाठवू का?” एवढे विचारण्यास किती वेळ लागतो?

या मेळ्यानंतर आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक नवी पद्धत सुरू केली. वेषभूषेची सारी छायाचित्रे प्रथम त्या त्या मुलाला दाखवायची आणि फलकावर कोणते लागावे, हे त्यालाच ठरवू द्यायचे. शिक्षकांना भीती होती की मुले वेळ फार घेतील. तसे झाले नाही. बहुतेकांनी क्षणात बोट ठेवले. चौथीतला एक मुलगा लोकमान्य टिळक झाला होता. त्याची चार छायाचित्रे होती. तीन अगदी करारी, ताठ मानेची, सिंहगर्जनेच्या थाटाची. चौथ्यात मिशी एका बाजूने सुटून ओठावर लोंबत होती. त्याने चौथ्यावर बोट ठेवले. बाईंनी पुन्हा विचारले, “अरे, नक्की हाच?”

“हो बाई,” तो म्हणाला, “मिशी पडली तरी मी भाषण थांबवलं नव्हतं, ते ह्यात दिसतंय.”